सह्या करा, सगळं स्टँडर्ड आहे!

घर घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे हमखास ऐकवलं जाणारं वाक्य कोणतं? "काका, सगळं स्टँडर्ड आहे, फक्त सह्या करा." मंडळी, मला या वाक्याची चीड आहे. कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघणारे आपण, जन्मभराची पुंजी ओतताना मात्र जाडजूड इंग्रजी करार न वाचता पानोपान सह्या ठोकतो. वर म्हणतो, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

न कळायला काय आहे त्यात? शब्द अवघड नाहीत, ते अवघड ठेवले जातात. 'कार्पेट' घ्या. २०१६ च्या रेरा कायद्यात त्याची सरळ व्याख्या आहे : घरातली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. 'सुपर बिल्टअप'ची व्याख्या त्या कायद्यात शोधून सापडणार नाही. तरी बोलताना आकडा 'सेलेबल'चाच सांगतात, कारण तो मोठा दिसतो!

बुकिंगचंही तसंच. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला याच कायद्याने मनाई आहे. हे वाक्य समजायला वकिली लागत नाही.

सरकारी मराठीचं कौतुक तर काय सांगावं! 'मानीव अभिहस्तांतरण'. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पण हा शब्द उच्चारताना माझीही जीभ अडखळते. अर्थ एवढाच : बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून, बिल्डरच्या सहीवाचून ती करून घ्यायची. १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ साली ही सोय झाली. केवढी मोठी सोय! पण नाव असं, की ऐकणारा हात जोडून उठावा. आणि 'चटई क्षेत्र' म्हणजे कार्पेट, पण 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे एफएसआय, प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. दोन वेगळ्या गोष्टींना एकच चटई!

यावर ठरलेलं उत्तर येतं : "बँकेने कर्ज दिलंय, म्हणजे कागद चोख असणार." अहो, बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून कागद बघतो. तुमच्या बाल्कनीची आणि पार्किंगची काळजी त्याने का करावी? कर्जाचं गणितही कुणी मांडत नाही. ३० लाख, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण २७ हजार. पहिल्या हप्त्यातले २२,५०० निव्वळ व्याज, मुद्दल फिटतं साडेचार हजार. शेवटी भरणा होतो जवळजवळ ६५ लाख. सातवीतल्या मुलाला व्याज शिकवतो आपण, मग बापाला हे सांगायला लाज कसली?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कराराच्या वर साध्या मराठीत एक पान असावं : किती जागा, किती पैसे, ताबा कधी, उशीर झाला तर काय, जमीन सोसायटीच्या नावावर केव्हा. मराठीत करार करायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्या संकोचाची आणि त्यांच्या सोयीची.

ते पान मिळेपर्यंत आमच्या घरातल्या तरुण मंडळींनाही माझं एकच सांगणं : मसुदा घरी आणा, प्रत्येक अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि अर्थ विचारा. समोरचा वैतागला, तर त्याला वैतागू द्या. कर्ज वीस वर्षं तुम्ही फेडणार आहात, तो नाही.