पहिला मॅक्रो दुधाच्या पगाराचा

एक्सेलमधले मॅक्रो शिकायला बसलेल्या पोरापोरींना आमच्या कर्जतकडे हमखास एक सल्ला मिळतो: करायचंच तर मोठं करा, अख्ख्या डेअरीचं सॉफ्टवेअर करा. कर्जत, राशीन, मिरजगाव या पट्ट्यात दावणीला गाय असलेली घरं काही कमी नाहीत, तेव्हा विषयही आयताच सापडतो. मग सुरुवात होते लॉगिनच्या खिडकीपासून. पासवर्ड, रंगीत बटणं, वर डेअरीचं नाव. हिशेब राहतो बाजूला.

या सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. मुलाखतीत चार ओळींचा मॅक्रो काय दाखवणार, ही शंका रास्त आहे. पण संकलन केंद्रांवर फॅट मोजणारी यंत्रं आणि त्यांना जोडलेली सॉफ्टवेअरं केव्हाच आली. नवशिक्याच्या प्रयोगासाठी तिथे कुणी खोळंबलेलं नाही. आणि कुणी वापरलाच, तर त्यातल्या चुकीची किंमत दूध घालणारा मोजणार.

दुसरा पक्ष पुस्तकवाल्यांचा: आधी व्हीबीए पूर्ण शिका, मग हात घाला. १९९३ साली एक्सेल ५ बरोबर आलेली ही भाषा पूर्ण शिकून मग कामाला लागलेला माणूस अजून मला भेटायचा आहे. त्यापेक्षा रेकॉर्डर चालू करून एक ओळ कॉपी करावी आणि त्याने काय लिहिलं ते वाचावं.

माझं म्हणणं असं, की ज्याचं बरोबर उत्तर आधीच हातात आहे तेच काम पहिलं घ्यावं. घरचा दहा दिवसांचा दुधाचा पगार घ्या. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर, पेंडीची कपात, उचल, आणि शेजारी केंद्राने दिलेलं छापील बिल. लिटर गुणिले दर याला मॅक्रो लागत नाही, सूत्र पुरतं. मॅक्रोने करायचं ते एवढंच: आपलं, चुलत्याचं, शेजाऱ्याचं अशी जी खाती असतील, त्या प्रत्येकाचं बिल वेगळ्या पानावर मांडायचं. नवं पान भरायचं, जुनं पुसायचं नाही. कारण मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेडने परत येत नाही. नावंही कोडमध्ये लिहू नयेत. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नावं पत्रकाच्या घरांत ठेवावीत आणि मॅक्रोने तिथून उचलावीत.

आता तिसरा पक्ष, सध्याचा लाडका: एआयला सांगा, तो लिहून देईल. देईल की! पण व्हीबीएचा राउंड २.५ चे २ करतो आणि पत्रकातला राउंड ३ करतो. व्हीबीए नेमक्या अर्ध्यावर सम आकड्याकडे झुकतो. रुपये पूर्ण करताना हा फरक बिलात उतरू शकतो. कोड वाचून तो नवशिक्याला दिसणार नाही. छापील बिल समोर असलं तर एका रुपयाची तफावत लगेच टोचते, आणि मग माणूस कारण शोधायला निघतो. असा शोध लॉगिनच्या खिडकीत कुठून येणार?

पहिले दोन पगार जुळले, की तिसरा मुद्दाम महिनाअखेरचा घ्यावा. २१ तारखेपासूनचे दिवस कधी दहा, कधी अकरा. फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. 'दहा' हा आकडा कोडमध्ये ठोकून बसवलेला मॅक्रो ३१ तारखेचं दूध सरळ गिळतो. शेवटची भरलेली ओळ मॅक्रोने स्वतः कशी शोधावी, हे शिकायची गरज तिथेच पडते.