गाडी घेण्याआधी माती तोला

वळवाचे दोन पाऊस पडले की आपल्या धंद्यात रोपांबरोबरच गाडीचीही घाई सुरू होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लागवड चालणार. बंगल्यांची, सोसायट्यांची, फार्महाउसची कामे हातात असणार, आणि भाड्याचा टेम्पो नेमका हव्या त्या दिवशी दुसऱ्याच कामावर गेलेला असणार. मग मे महिन्यात हप्त्यांची जुळवाजुळव करून बरेच माळीबंधू आणि बागकामाचे ठेकेदार शोरूमची पायरी चढतात. या दिवसांत आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: छोटा हत्ती घेऊ की पिकअप? त्याचे उत्तर देण्याआधी आम्ही विचारतो, तुमचा माल भिजल्यावर किती भरतो? बहुतेकांनी तो कधी काट्यावर घातलेला नसतो.

आपण माती ब्रासमध्ये मोजतो, रोपे नगावर मोजतो, लॉन चौरस फुटांवर मोजतो. गाडीला मात्र फक्त किलो कळतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. बागेची लाल माती ओलसर असेल तर एक ब्रास चार टनांच्या आसपास जाते, पावसात भिजली तर त्याहून जास्त. आता छोट्या हत्तीचा हौदा पाहा. सात फूट लांब, पाच फुटांना थोडा कमी रुंद, आणि फाळके साधारण फूटभर उंच. काठोकाठ माती भरली तर तिसरा हिस्सा ब्रास बसते. तिचे वजन होते सव्वा ते दीड टन. त्या गाडीचे पासिंग सुमारे पाऊण टनाचे. म्हणजे डोळ्यांना ‘नीट भरलेली’ दिसणारी गाडी जवळजवळ दुप्पट वजन घेऊन घाट चढत असते, आणि चढण्यापेक्षा वाईट म्हणजे उतरत असते.

रोपांचेही तेच. 18 बाय 18 इंचांची पिशवी पाणी पिऊन बसली की 35 ते 40 किलो भरते. हौद्यात अशा तीसपस्तीस पिशव्या सहज मावतात, पण पासिंग विसाव्या पिशवीलाच संपलेले असते. मोठ्या झाडांच्या बाबतीत तर अंदाज फारच चुकतो, कारण हुंडीचा, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचा, व्यास थोडा वाढला तरी वजन घनाच्या प्रमाणात वाढते. दोन फूट व्यासाची गोल हुंडी साधारण 190 किलोची. चार गडी मिळून उचलतात. तीन फूट व्यासाची हुंडी सव्वासहाशे किलोच्या पुढे जाते. ती हाताने उचलायचा विचारही करू नये. ‘फूटभरच तर मोठी आहे’ म्हणून ती फळीवरून चढवायला गेलेल्या गड्यांच्या कमरा कायमच्या गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. इतक्या मोठ्या झाडासाठी क्रेन किंवा हायड्रा भाड्याने बोलवावा आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून आधीच कबूल करून घ्यावेत.

याच्या उलट टोकाला आपलाच दुसरा माल आहे: कापलेले गवत, वाळका पाला, छाटलेल्या फांद्या. त्यांना वजन नाही, पण जागा बेसुमार लागते. ज्यांचे काम मुख्यतः सोसायट्यांच्या देखभालीचे आहे, त्यांना ताकदवान इंजिनापेक्षा हौद्यावर चार फूट उंच जाळीचा पिंजरा आणि त्यावर ताडपत्री जास्त कामाची. महापालिकांच्या घंटागाड्या पाहा. छोट्याच गाड्या, पण हौदा हायड्रॉलिकवर उलटतो. पाला आणि माती रोज रिकामी करणाऱ्याने टिपरची चौकशी जरूर करावी. त्या यंत्रणेचे वजन पासिंगमधूनच वजा होते हे लक्षात ठेवावे, पण दोन माणसांची अर्ध्या तासाची फावडेमारी रोज वाचते, हेही हिशेबात धरावे.

आमचे मत असे की रोजच्या ओझ्यासाठी गाडी विकत घ्यावी आणि कधीमधीच्या ओझ्यासाठी भाड्याने आणावी. गवत कापायचे यंत्र, ब्रशकटर, फवारणी पंप, शेणखताच्या आठदहा गोण्या, पन्नासेक छोटी रोपे, चार घमेली आणि टिकाव-फावडी, हे ज्याचे रोजचे सामान आहे त्याला पाऊण टनाची गाडी पुरते. माती त्याने पुरवठादाराच्या डंपरनेच साइटवर टाकून घ्यावी. वर्षातून पंधरा दिवस माती वाहायची म्हणून दीड टनाची पिकअप घेणारा उरलेले साडेअकरा महिने जादा डिझेल आणि जादा हप्ता भरत राहतो. याउलट उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातून आठवड्याला तीन खेपा मोठ्या पिशव्यांची रोपे आणणाऱ्याने छोट्या गाडीत जीव अडकवू नये. त्याला बोलेरो पिकअप, दोस्त किंवा इंट्रा या वर्गातली सव्वा ते दीड टनाची गाडीच हवी.

टाटांनी 2005 मध्ये एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आणली तेव्हा तिचे दोन सिलिंडरचे इंजिन अवघे 16 अश्वशक्तीचे होते. तीनचाकीच्या मालकाला चारचाकी मिळावी, हा तिच्यामागचा विचार. त्या गाडीने महाराष्ट्रातले कितीतरी नर्सरीवाले उभे केले. तिचा खरा गुण ताकद हा नव्हताच. अरुंद गल्लीत, बंगल्याच्या नऊ फुटी फाटकात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती वळते, आणि तिचा हौदा बुटका असल्याने गोणी उचलून ठेवणाऱ्याची पाठ वाचते. हौद्याची उंची या गोष्टीकडे कोणी बघत नाही. गडी दिवसातून शंभर वेळा ओझे जिथपर्यंत उचलणार ती उंची कमरेखाली आहे की छातीशी, हे शोरूममध्ये मोजून पाहावे. त्यासाठी सेल्समनला विचारू नये. आपल्याबरोबर एक गडी न्यावा आणि त्यालाच विचारावे.

गाडी घेताना ज्या रस्त्याचा विचार करायचा तो महामार्ग नव्हे. फाटकापासून खड्ड्यापर्यंतचा शेवटचा शंभर फुटांचा टप्पा. मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग इथल्या फार्महाउसवर डांबर फाटकाशी संपते आणि आपले काम तिथून पुढे सुरू होते. देशावरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी जाताना रुतत नाही, येताना रुतते. कारण सोपे आहे. या गाड्यांची ओढ मागच्या चाकांवर असते. माल असताना ती चाके दाबून धरलेली असतात. हौदा रिकामा झाला की मागची बाजू हलकी होते आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून माल उतरवण्याआधी गाडी परतीच्या तोंडाने, शक्य तर उताराच्या दिशेने लावून घ्यावी. दोन जाड फळ्या आणि एक दोर गाडीत कायम ठेवावा. बारा इंची चाकांची गाडी आणि पंधरा इंची चाकांची गाडी यांच्यातला फरक इथे कळतो, किंमतपत्रकात कळत नाही. ज्यांची निम्मी कामे डोंगरउतारावर आहेत त्यांनी चारही चाकांना ओढ देणारी पिकअप मिळते का ते पाहावे, मग ती जुनी असली तरी चालेल.

कोकणातल्या जांभ्याच्या उतारावर शेवाळ धरले की मात्र कुठलीही पिकअप आत नेऊ नये. तिथे माल रस्त्यालगत उतरवून पुढे छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरची ट्रॉली वापरावी. 15 ते 24 अश्वशक्तीचे हे छोटे ट्रॅक्टर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमुळे आपल्याकडे रुळले. दोन ओळींमधून जातात, ट्रॉली ओढतात, त्यांना फवारणी यंत्र, रोटाव्हेटर, गवत कापायचे पाते, सगळे जोडता येते. ज्यांच्याकडे पाच-दहा एकरांच्या एकाच मालमत्तेची बारमाही देखभाल आहे, त्यांना आम्ही पिकअपच्या आधी छोटा ट्रॅक्टर घ्या असे सांगतो. एक अडचण आहे. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर ठेक्याच्या कामावर चालवला आणि अपघात झाला तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयता आधार मिळतो. नोंदणी करतानाच वापर खरा लिहावा. (माथेरानला काम घेणाऱ्यांना हा सारा विचार गैरलागू आहे. तिथे मोटारींना बंदी आहे आणि माल घोड्यावर किंवा हातगाडीवर जातो. त्यामुळे तिथला दर गावातल्या दरासारखा लावूच नये.)

परदेशी बागकामाच्या चित्रफिती पाहून काही तरुण वाचक कावासाकी म्यूल किंवा जॉन डिअर गेटर यांसारख्या छोट्या चारचाकी कामगाड्यांविषयी विचारतात. अमेरिकेत म्यूल 1988 पासून आहे, आणि मोठ्या मालमत्तेच्या आत तिच्यासारखे साधन नाही हे खरे. आपल्याकडे तिचा दर, सुटे भाग आणि रस्त्यावरची नोंदणी, तिन्ही आड येतात. आयशर आणि पोलॅरिस यांनी मिळून 2015 मध्ये मल्टिक्स ही देशी गाडी काढली होती. माणसे बसत, माल बसे, आणि तिच्यातून 3 किलोवॅटपर्यंत वीज घेऊन पंप किंवा दिवे चालवता येत. आपल्या कामासाठी इतकी नेमकी कल्पना त्याआधी कोणी केली नव्हती. 2020 मध्ये ती भागीदारीच बंद झाली. गाडी कितीही आवडली तरी तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री आणि तिचा क्लच मिळतो का, हे आधी पाहायचे ते यासाठी.

विजेच्या गाड्यांबद्दल आमचे मत गेल्या दोनतीन वर्षांत बरेच अनुकूल झाले आहे. टाउनशिप, रिसॉर्ट, रुग्णालयाचे आवार, जिथे सकाळी सहाला आवाज न करता काम सुरू करायचे असते, तिथे सुमारे साडेपाचशे किलो नेणारी विजेची तीनचाकी उत्तम. टाटा एसचीही विजेवरची आवृत्ती 2022 मध्ये आली. तिचे पासिंग 600 किलोचे होते, पुढे 2024 मध्ये एक टनाची आली. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर आणि रात्री ठरलेल्या जागी मुक्काम, असा ज्याचा दिनक्रम आहे त्याने ती चालवून बघावी. पुण्याहून महाबळेश्वरला खेपा घालणाऱ्याने अजून थांबावे.

पाण्याच्या टाकीबद्दल एक गोष्ट नव्याने या धंद्यात येणाऱ्यांसाठी. हजार लिटर म्हणजे पुरा एक टन. छोट्या हत्तीवर ती टाकी भरून नेऊच नये. पाचशे लिटरची टाकी एकतर पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी वळणावर हेलकावते आणि घाटात गाडीच उलटवते.

कायद्याचे दोनतीन मुद्दे गाडीच्या निवडीत थेट येतात. एकूण वजन 3,000 किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार परवाना घ्यावा लागत नाही. त्यामुळे छोट्या धंद्याने शक्यतो त्या मर्यादेतच राहावे. चालकाचे लायसन्स हलक्या वाहनाचे असेल तरी 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी त्याला चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे. आणि जादा वजनाला 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 मध्ये 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, अशी तरतूद आहे. वर हिशेब केलेली ती काठोकाठ भरलेली मातीची गाडी आठवा.

दंडाचे पैसे भरता येतात. आम्हाला खरी चिंता आहे ती हौद्यात बसलेल्या माणसांची. सकाळी सातला शहराच्या कुठल्याही नाक्यावर उभे राहा; मातीच्या गोण्यांवर, यंत्राच्या पात्यांशेजारी, रोपांच्या मध्ये पाचसहा बाया आणि गडी बसून चाललेले दिसतात. त्यांत आपल्या वाचकांच्याही गाड्या असतात हे आम्हाला माहीत आहे. मालवाहू गाडीत असे बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्येच सांगितले आहे. अपघात झाला तर भरपाईसाठी त्या बाईच्या घरच्यांनी मालकाच्या मागे फिरायचे, आणि मालक बहुधा स्वतःच हप्त्यात बुडालेला. हे आपण चालू द्यायचे कारण नाही. चार-पाच माणसे रोज नेणाऱ्याने दुहेरी केबिनची, बोलेरो कॅम्परसारखी गाडी घ्यावी. हौदा आखूड होतो, पण माणसे आसनावर बसतात, पट्टा लावतात, विम्याच्या कागदावर मोजली जातात. तेवढे परवडत नसेल तर छोटी मालगाडी घ्यावी आणि गड्यांना बसचे किंवा रिक्षाचे भाडे रोख द्यावे. दोन्हींत खर्च आहे.

तो खर्च कुठून काढायचा, हे अंदाजपत्रकात ठरते. आपल्यातले बहुतेक जण झाडांचा दर लिहितात, मातीचा, लॉनचा, मजुरीचा लिहितात. वाहतूक मात्र कुठल्यातरी ओळीत मुरवून टाकतात. मग गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की पहिली काटछाट तिथेच होते, आणि दोन खेपांचा माल एका खेपेत कोंबला जातो. येत्या हंगामापासून वाहतुकीची ओळ वेगळी लिहा: माल किती किलो, खेपा किती, माणसे नेण्याचा खर्च किती. त्यासाठी या महिन्यात एकदा गाडी नेहमीसारखी भरून जवळच्या काट्यावर न्या आणि पावती घ्या. ती पावती, गाडीचे पासिंग आणि तुमच्या कामाचा प्रकार आम्हाला पोस्टाने पाठवलात तर नाव न छापता जुलैच्या अंकात त्याचा तक्ता देऊ. नवी गाडी घेणाऱ्याला तो शोरूमच्या पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.