बोली एक, मोल दुसरे

आमच्या सोनईकरांना लिलाव काही नवा नाही. जवळच घोडेगावला कांद्याचा बाजार भरतो. तिथे व्यापारी गोणीत हात घालून कांदा चाचपतो, मगच तोंड उघडतो. माल डोळ्यांसमोर, विकणारा समोर. आणि आडत कोणी द्यायची तेही ठरलेले. २०१६ सालापासून ती शेतकऱ्याच्या पट्टीतून नव्हे, खरेदीदाराच्या खिशातून जाते. मोबाइलवरचा लिलाव मात्र निराळा. त्याचा धडा आम्ही यंदा एका ट्रॅक्टरवर गिरवला.

हप्ते थकले म्हणून कर्जवाल्यांनी ओढून आणलेला हा ट्रॅक्टर पुण्याकडच्या एका गोदामात उभा होता. पुतण्याने दहा हजार अनामत भरली. "काका, अडीच लाखांवर एक पैसा नाही," असे त्याने मला बजावलेही होते. शेवटची दोन मिनिटे उरली. कोणी अदृश्य गृहस्थ पाच-पाच हजारांनी चढत होता, आणि जन्मभर पोरांना हिशेब शिकवलेला मी ओरडलो, "लाव रे आणखी पाच!" दोन लाख चाळीस हजारांना ट्रॅक्टर आमचा झाला. वहिनींनी पेढे वाटले.

मग एकेक आकडा पुढे आला. लिलाव भरवणाऱ्यांची दोन टक्के फी ४,८०० रुपये. त्या फीवर अठरा टक्के जीएसटी ८६४. आरटीजीएस करताना खाते क्रमांकातला एक आकडा चुकला. रक्कम परत आली. पण त्यात आणि सुटकेच्या पत्रात बावीस दिवस गेले. गोदामाचे भाडे रोज दीडशेप्रमाणे ३,३००. आणण्याचे भाडे ९,०००, विमा आणि नाव चढवणे ११,५००, बॅटरी आणि एक मागचा टायर २६,०००. एकूण झाले २,९५,४६४! वरचे पंचेचाळीस हजार वहिनींच्या पाटल्या गहाण टाकून उभे केले.

तक्रार तरी कोणाकडे करणार? 'जसे आहे, जेथे आहे' हे अटींत छापलेलेच होते. आम्ही फोटो पाहिला, अटी पाहिल्या नाहीत.

जप्त घराच्या लिलावात तर घास याहून मोठा. बँकांच्या अशा विक्रीत चौथा हिस्सा त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो आणि उरलेली रक्कम सामान्यतः पंधरा दिवसांत. चुकलात तर भरलेले जप्त. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली ही जप्ती उचलून धरली. मुद्रांक शुल्क आणि घरपट्टीची थकबाकी निराळीच.

तेव्हा वाचकहो, हिशेब उलटा मांडा. खिशातल्या रकमेतून आधी सारे खर्च वजा करा. उरेल तीच तुमची बोली. माल स्वतः जाऊन पाहा. पैसे जाहिरातीत छापलेल्या खात्यावरच पाठवा, मध्यस्थाच्या यूपीआयवर नव्हे. आरटीजीएस, एनईएफटीपूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५पर्यंत करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ती सोय वापरा. आणि पावती जपा.

ट्रॅक्टर उत्तम चालतो. वहिनी पाटल्यांचा विषय काढत नाहीत. मात्र फराळाची भाजणी दळायला काढताना त्यांच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या वाजतात, तेव्हा माझे ते 'आणखी पाच' मला लख्ख ऐकू येते. दिवाळीपूर्वी पाटल्या सोडवायच्या म्हणून मी माझी ठेव मोडली आहे. हा खर्चही त्या बोलीतलाच.