केमोथेरपी टाळण्याचा हक्क

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतील २१ जनुके तपासून केमोथेरपी खरोखर हवी की नको हे सांगणारी चाचणी म्हणजे श्रीमंतांची चैन. आधी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तर येऊ द्या, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. हा युक्तिवाद वरवर समाजवादी वाटला तरी मला तो मान्य नाही.

ही चाचणी उभी कशी राहिली ते पाहावे. २००४ साली तिची कसोटी लागली ती अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या जुन्या औषधप्रयोगांतील स्त्रियांच्या जपून ठेवलेल्या गाठींवर. पुढे दहा हजारांवर स्त्रियांचा 'टेलर-एक्स' हा प्रयोग झाला. त्यालाही तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे पाठबळ होते. काही पैसा तर सामान्य माणसांनी टपालाचे जादा किमतीचे तिकीट विकत घेऊन दिलेला. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. रोग काखेपर्यंत न पसरलेल्या, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आणि 'हर-टू' नसलेल्या कर्करोगात, ११ ते २५ गुणांक असलेल्या बहुतेक स्त्रियांना केवळ संप्रेरक-उपचार पुरेसे ठरले. नऊ वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण केमोथेरपीविना ८३.३ टक्के, केमोथेरपीसह ८४.३ टक्के. पन्नाशीच्या आतील व १६ पासून पुढे गुणांक असलेल्या स्त्रियांना केमोथेरपीचा काही लाभ दिसला, हे लपविण्याचे कारण नाही.

शरीर स्त्रियांचे, पैसा जनतेचा, मालकी मात्र खासगी कंपनीची! नमुना कॅलिफोर्नियाला धाडावयाचा आणि येथील रुग्णाने लाखांच्या घरात किंमत मोजावयाची.

जिला ती परवडत नाही तिला सावध डॉक्टर केमोथेरपी देतो. त्याला दोष देता येत नाही. औषध सरकारी योजनेतून मिळाले तरी शेतमजूर बाईची कित्येक महिन्यांची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते, एसटीचे भाडे वेगळेच. आमच्या अर्थशास्त्रात यास 'बाह्य खर्च' असे सभ्य नाव आहे. अनावश्यक केमोथेरपीची खरी किंमत गरीबच मोजतो. मग चैन कोणाची?

आपल्याकडे अनेक स्त्रिया रोग बळावल्यावरच येतात, त्यांना हे निष्कर्ष लागू नाहीत, हे खरे. इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि 'हर-टू' यांची खात्रीलायक तपासणी प्रत्येक जिल्ह्यात मोफत हवी, ही पहिली मागणी. पण तेवढ्यावर थांबू नये. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने एकत्रित खरेदी करून औषधांच्या किमती उतरवून दाखविल्या आहेत. तोच मार्ग या चाचणीसाठी का नको? सार्वजनिक संस्थांनी भारतीय रुग्णांवर पारखलेली स्वस्त चाचणी का विकसित करू नये? पक्षाच्या आरोग्यविषयक ठरावात हे घालण्यास कार्यकारिणीची हरकत असल्यास ती तिने याच स्तंभात मांडावी.