आधी माणसं, मग टक्के

हल्ली आमच्या उलव्यातली शिकलेली पोरं एकच सांगतात, माणूस फायद्याशिवाय जागचा हलत नाय. पुरावा म्हणून विमानतळ दाखवतात. दहा गावं उठायला तयार नव्हती. साडेबावीस टक्क्यांचे भूखंड जाहीर झाले, लवकर घर मोकळं करील त्याला जादा पैसे, आणि जिथं विरोधाच्या सभा व्हायच्या तिथूनच टेम्पो भरून निघाले. हे खोटं नाय. पण हिशोब मधूनच मांडलाय.

त्या साडेबावीसमधले साडेबारा आले कुठून? कुणा साहेबाला दया आली म्हणून नव्हे. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी कवडीमोल भावानं जायला लागल्या. लोक दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि न्हावा-शेवा भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यांना कुठला भूखंड दिसत होता? साडेबारा टक्क्यांची योजना तर पुढं नव्वदीत आली.

अलिबागकडं चरीला 1933 पासून सहा वर्षं 25 गावांनी खोताची जमीन कसली नाही. लाकूडफाटा विकून पोट भरलं. कुळकायदा आला तो त्यानंतर.

पण एकट्याच्या इच्छाशक्तीवर भाषणं ठोकणाऱ्यांचंही मला पटत नाय. उधाणाच्या भरतीला खारीचा बांध फुटला की एकटा कितीही जिद्दीचा असो, तो काय करणार? घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. मजुरी नाय. फायदा होता, नाही कसा? खारं पाणी शिरलं तर स्वतःचंच खाचर जायचं. शिवाय जो आला नाही त्याला गावात तोंड दाखवायची चोरी. पण तो फायदा सगळे आले तरच मिळायचा. मोबदल्याच्या कागदाचं उलटं : जो आधी सुटेल त्याला जास्त. मग भाऊ भावाला न विचारता सही करून मोकळा. सरकारला हे बरोबर कळतं, आपल्याला कळत नाय.

आता उरण, पनवेल, पेणच्या 124 गावांवर तिसरी मुंबई येतेय. तिकडची मंडळी भेटली की पहिलं विचारतात, "दादा, किती टक्के मिळतील?" मी विचारतो, बैठकीला किती घरं आली होती?