धूर कोणाच्या खाती?

जर्मनीतील डॉर्टमुंड शहराच्या होर्डे भागात फिनिक्स नावाचा अवाढव्य पोलाद कारखाना होता. २००१ साली तो बंद पडला आणि चीनच्या शागांग या पोलाद उद्योगाने त्याची यंत्रसामग्री विकत घेतली. चिनी कामगारांनी ती सुटी केली, जहाजांत भरली आणि यांगत्से नदीच्या मुखाजवळ नेऊन पुन्हा उभारली. होर्डेत त्या जागी आज एक रमणीय तलाव आहे. जर्मनीच्या हिशेबातून तेवढा धूर वजा झाला; पृथ्वीच्या हिशेबातून मात्र नाही.

खुल्या व्यापाराने कर्ब उत्सर्जन वाढते की घटते, या प्रश्नाचे उत्तर या तलावाकाठी मिळते. अर्थशास्त्रज्ञ व्यापाराचे तीन परिणाम सांगतात. उत्पादन वाढते, म्हणून धूर वाढतो. कोणता माल कोठे बनावा याची वाटणी बदलते. आणि सुधारित तंत्र आले तर दर टनामागील धूर घटतो. धनिक राष्ट्रांनी तंत्र आपल्याकडे राखले आणि भट्ट्या पूर्वेकडे धाडल्या. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला. तेव्हा त्याचे वार्षिक उत्सर्जन साडेतीन अब्ज टनांच्या आसपास होते. एका तपात ते अडीच पटींहून अधिक झाले. हा सारा धूर निर्यातीचा नव्हता, चीनने स्वतःची शहरेही उभारली. परंतु त्यातील मोठा वाटा परदेशी ग्राहकांसाठी बनलेल्या मालाचा होता. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मात्र धूर सोडणाऱ्याच्या खाती पडतो, माल वापरणाऱ्याच्या नव्हे.

आता त्याच युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदींवर सीमेवरील कर्ब आकारणी लागू केली आहे. भट्टी दूर लोटायची, मग तिच्या धुरावर पट्टी वसूल करायची, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. भारताचे दरडोई उत्सर्जन सुमारे दोन टन. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. १९९२ च्या रिओ परिषदेने मान्य केलेले 'समान, परंतु भिन्न जबाबदारी'चे तत्त्व अशा वेळी गुंडाळून ठेवता येणार नाही.

तथापि, केवळ निषेधाने भागणार नाही. आपले एक टन पोलाद सुमारे अडीच टन कर्बवायू सोडते. जागतिक सरासरी दोन टनांच्या आत आहे. हा धूर प्रथम आपल्याच कामगारांच्या आणि वस्त्यांच्या छातीत जातो. शिवाय, निर्यातदाराने मायदेशी कर्बमूल्य भरले असेल तर तेवढी वजावट देण्याची तरतूद युरोपच्या कायद्यातच आहे. मग तो पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत का जावा? तो येथेच वसूल व्हावा आणि येथल्याच भट्ट्या सुधारण्यास लागावा.

धुराचा हिशेब ग्राहकाच्या दारी मांडला जावा, हा आग्रह भारताने प्रत्येक जागतिक व्यासपीठावर धरलाच पाहिजे. परंतु तो धरणाऱ्याची स्वतःची चूल आधी स्वच्छ असावी लागते.