दोन ठिपके आणि एक चंद्रकोर

बालमित्रांनो, वहीचं शेवटचं पान काढा. कर्कटक नसेल तर आईची बांगडी ठेवून गोल काढा. आत दोन ठिपके, खाली चंद्रकोर. झाला हसरा चेहरा! पहिलीतलं पोरही हा काढतं. पण पिवळ्या बिल्ल्यावर तो आला कसा?

गोष्ट १९६३ सालची. अमेरिकेतल्या वुस्टर गावात एका विमा कंपनीत दुसरी कंपनी विलीन झाली आणि कर्मचारी नाराज झाले. त्यांना खूश करायला कंपनीनं हार्वी बॉल या चित्रकाराकडून बिल्ल्यासाठी चित्र मागवलं. त्यानं आधी नुसतं हसू काढलं. मग लक्षात आलं, कुणी खट्याळानं बिल्ला उलटा लावला तर हेच तोंड रडकं दिसेल! म्हणून वर डोळे दिले. काम दहा मिनिटांचं, मोबदला ४५ डॉलर. (रुसलेल्या माणसाला बिल्ला देऊन काय होणार, हे मला अजून कळलेलं नाही.)

बॉलनं चित्राचे हक्क नोंदवलेच नाहीत. पुढे इतरांनी असे बिल्ले कोट्यवधींनी विकले. फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानी यांनी तर हसऱ्या चेहऱ्याची नोंदणी करून मोठा धंदा उभारला. बॉलला पैसे गेल्याचं दुःख नव्हतं म्हणे. हसू नुसतं विकाऊ झालं, हे मात्र त्याला खटकायचं. म्हणून १९९९ पासून त्यानं ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार हास्यदिन म्हणून सुरू केला.

हल्ली आम्ही बाई-गुरुजीही वह्यांवर हाच शिक्का मारतो. आईबाबांनो, शिक्का दिसला नाही म्हणून लगेच पोराला रागावू नका हं! माझा शिक्का बरोबर उत्तरालाच मिळतो असं नाही. खोडून, पुन्हा मांडून, तरीही चुकलेल्या गणितालाही तो मिळतो.

व्याकरणातही हसू लपलंय, बरं का! अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि उजवा कंस ओळीनं लिहा, मान डावीकडे कलती करा. दिसलं? १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी ही युक्ती सुचवली. संगणकावर लिहिलेला विनोद लोक खरा मानायचे. त्यापुढे ही खूण टाकायची. मोबाईलवरची चित्रं नंतरची.

इतक्या थोड्या रेघांत चेहरा उभा करणं आपल्या मराठी माणसालाही साधलंय. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले. त्यांचा गोल चष्मा तुम्ही चित्रात पाहिलाच असेल. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात फक्त तो चष्मा काढला. ना नाक, ना तोंड, तरी बापू लगेच ओळखू येतात!

घरात दहाची चॉकलेटी नोट असेल तर मागच्या बाजूला हा चष्मा शोधा. त्याखाली हसू काढायचा मोह होईल. नोटेवर नाही हं, वहीत काढा!